बाईच्या हाताला बसेल ती रिव्हॉल्व्हर: ग्वाल्हेरात पहिलं लायसन्स काढणारीसाठी

आमच्या ग्वाल्हेरात घरात बंदूक असणं म्हणजे काही बातमी नाही. दिवाणखान्यात आजोबांचा फेट्यातला फोटो आणि आतल्या खोलीत कपाटावर खोळीत घातलेली दुनाली (दोन नळ्यांची बंदूक), हे मी लहानपणापासून बघतेय. पण त्या दुनालीला घरातल्या कुठल्या बाईने हात लावलेला मी कधी पाहिला नाही. आणि गंमत अशी की कागदावर बायकांच्या नावाने लायसन्स असतात, कारण भाईसाहेबांचा स्वतःचा कोटा भरलेला असतो, मग वहिनींच्या नावाने फाईल लागते, वहिनी फोटो देतात, सही करतात आणि रिव्हॉल्व्हर कमरेला लावून लग्नात मिरवतात ते भाईसाहेबच. हे बेकायदेशीर आहे ते पुढे सांगतेच.

तर हे लिखाण त्या सही करणाऱ्या वहिनींसाठी नाही, ज्या बाईला खरोखर स्वतःजवळ, स्वतःच्या हातात ठेवायला पाहिजे तिच्यासाठी आहे. माझं इथल्या लष्कर भागात औषधाचं दुकान आहे, रात्री साडेदहाला शटर पडतं, गल्ला पिशवीत आणि मी स्कूटीवर. लायसन्स मी रीतसर काढलं, पण पहिली रिव्हॉल्व्हर घ्यायला गेले तेव्हा सोबत दीर होते, दुकानदार त्यांच्याशीच बोलत होता, मी बाजूच्या स्टुलावर चहा पीत बसलेली. मी हातात घेऊन बघू का म्हटलं तर दुकानदार हसून म्हणाला, भाभीजी, भारी पीस है, ज़िंदगी भर चलेगा. भारी होताच. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा चाप (ट्रिगर) ओढायला गेले तर बोट पांढरं पडलं, मनगट थरथरायला लागलं आणि नळी खाली-डावीकडे झुकली तेव्हा कुठे एकदाचा घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) पडला. गोळी कुठे गेली ते कागदाला पण कळलं नाही. दीड वर्ष ती तशीच लॉकरमध्ये पडून होती, मग तोटा खाऊन विकली. तो तोटा तुमचा वाचावा म्हणून एवढा प्रपंच.

आधी हे की पाहिजे का

घाई करू नका. तुमच्या घरात लहान मुलं असतील आणि बंद लॉकर बसवायची तयारी नसेल तर इथेच थांबा. घरातल्या कुणाला दारूचं व्यसन असेल, भांडणं मारामारीपर्यंत जात असतील, किंवा तुम्ही स्वतः मनाने खचलेल्या काळातून जात असाल तर घरात हत्यार आणणं म्हणजे आगीशेजारी रॉकेलचा डबा ठेवणं आहे. मिरचीचा स्प्रे औषधाच्या दुकानात, ऑनलाईन कुठेही मिळतो, लायसन्स लागत नाही, आणि दहापैकी नऊ प्रसंगांत तोच जास्त कामाचा असं माझं प्रामाणिक मत आहे. ११२ आणि महिला हेल्पलाईन १०९० फोनमध्ये स्पीड डायलला असले पाहिजेत, रिव्हॉल्व्हर घेतली तरी.

दुसरं म्हणजे कायदा. १ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, त्यात स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ आहेत. कलम ३८ सांगतं की जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी वाजवी भीती असेल, बलात्काराच्या, अपहरणाच्या इराद्याने हल्ला असेल, ॲसिड फेकलं किंवा फेकायचा प्रयत्न असेल तर समोरच्याचा मृत्यू होण्यापर्यंत हा हक्क जातो. पण कलम ३७ तितकंच नीट वाचा, गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा हक्कच नाही. म्हणजे सोनसाखळी ओढून मोटरसायकलवाला पन्नास फूट पुढे गेला आणि तुम्ही मागून गोळी घातली तर ते स्वसंरक्षण नाही, तो खटला आहे, आणि तो तुमच्यावर चालणार. धोका संपला की हक्क संपला. कुणाला घाबरवायला नुसती बाहेर काढून दाखवणं हा पण गुन्हा होऊ शकतो.

फाईल

वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, आता ऑनलाईन भरतात, सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचं शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट, आणि हत्यार सुरक्षित कसं ठेवणार त्याचं हमीपत्र. २०१६ च्या आर्म्स रूल्सनी हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पण आणलंय. पुष्कळ जण ते नुसता कागद म्हणून उरकतात, तुम्ही मात्र खरोखर शिकून घ्या, कारण पुढे रिव्हॉल्व्हर निवडताना तेच कामाला येणार आहे. मग पोलीस थाण्यातून व्हेरिफिकेशन, शेजारीपाजारी चौकशी, आणि कलेक्टोरेट. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची फाईल आपल्याकडे भोपाळपर्यंत जाते, बारा बोरच्या बंदुकीसारखी इथल्या इथे उरकत नाही, तेव्हा धीर धरा. मधे २०१९ मध्ये तर आपल्या ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी लायसन्स पाहिजे तर आधी १० झाडं लावा आणि सेल्फी आणा असा नियम काढला होता, लोक हसले पण रोपवाटिकांत गर्दी झाली.

कारण लिहायच्या रकान्यात गोष्टी रचू नका. रात्री उशिरा रोख घेऊन एकटीने जावं लागतं, या या तारखेला पाठलाग झाला, तक्रारीची कॉपी जोडली आहे, असं साधं आणि खरं लिहा. तक्रार केली नसेल तर आधी करा. कलेक्टोरेटच्या बाहेर फिरणारे दलाल आठवड्यात करून देतो म्हणतात, त्यांच्या नादी लागू नका, आणि लायसन्स येईपर्यंत तात्पुरता म्हणून कुणी कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, देत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा. बिनालायसन्सचं हत्यार म्हणजे तुरुंग, शिवाय कट्टा चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो असे किस्से चंबळच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतील.

लायसन्स मिळालं की ते ५ वर्षांसाठी असतं, २०१९ च्या दुरुस्तीआधी ३ वर्षं असायचं. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, वहिनींच्या नावाने फाईली वाढल्या त्यात याचा पण हात असावा असं मला वाटतं. हातात आल्यावर दोन गोष्टी तिथल्या तिथे वाचा. एक, ते कुठल्या भागासाठी आहे, फक्त मध्य प्रदेश की अखिल भारत. दोन, काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती. माझ्या आतेबहिणीने हे वाचलं नव्हतं, झेलम एक्स्प्रेसने पुण्याला लग्नाला निघाली होती पर्समध्ये रिव्हॉल्व्हर घेऊन, स्टेशनला सोडायला आलेल्या मामांनी सहज विचारलं म्हणून वाचली, नाहीतर महाराष्ट्रात ते लायसन्स म्हणजे नुसतं पुस्तक होतं.

बाजारात आहे काय

इंटरनेटवर अमेरिकन बायकांचे व्हिडीओ बघून जाऊ नका, ९ एमएमची ती सुंदर छोटी पिस्तुलं आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, तो प्रोहिबिटेड बोर, म्हणजे मनाई असलेलं माप आहे (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). सामान्य माणसाच्या वाट्याला हँडगनमध्ये मुख्यतः बत्तीस बोर आणि बावीस बोर. बाहेरून आयात ऐंशीच्या दशकापासून बंद, त्यामुळे जुनी विलायती वेब्ली किंवा जर्मन वॉल्थर ज्याच्या घरात आहे तो ती लाखांनी विकतो. ती शौकिनांची गोष्ट, पहिल्या हत्याराला असलं काही घेऊ नका, पार्ट मिळत नाहीत.

भारतीय मालात बहुतेक सगळं पूर्वीच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं, ज्यांच्या २०२१ मध्ये सात सरकारी कंपन्या झाल्या. कानपूरची जुनी बत्तीस बोर रिव्हॉल्व्हर तुम्ही पाहिली असेल, वरची कडी दाबली की नळी पुढे झुकते आणि रिकामी काडतुसं आपोआप वर येतात, सहा राउंड, वेब्लीच्या घराण्यातली, मजबूत पण चाप कडक. माझा पहिला तोटा तोच.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहूनच निर्भीक आली, दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर खास बायकांसाठी म्हणून. टायटॅनियम मिश्रधातूची, वजन साधारण ५०० ग्रॅम, सहा राउंड बत्तीस बोर, आणि तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या जवळपास. दागिन्यांच्या डबीसारख्या मखमली पेटीत द्यायचे. पेटी बघून मला हसू आलं होतं, बाई म्हटलं की मखमल आलीच पाहिजे. पण हत्यार हातात घेतलं तर वाईट नाही, पर्समध्ये वजन जाणवत नाही. पश्चिम बंगालच्या ईशापूर रायफल फॅक्टरीची निडर त्याहून हलकी, साधारण २५० ग्रॅम, बावीस बोर, आठ राउंड, आणि निघाली तेव्हा पस्तीसेक हजाराची. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या कंपनीने प्रबल काढली, बत्तीस बोर, ७०० ग्रॅमच्या आसपास, ७६ मिलिमीटर नळी, आणि हिचं सिलिंडर (काडतुसं बसतात ते फिरणारं नळकांडं) बाजूला उघडतं, नळी मोडावी लागत नाही. जाहिरातीत ५० मीटरचा पल्ला सांगतात. तुम्हाला त्याचं काही करायचं नाही, तुमचा पल्ला म्हणजे दोन स्कूटींच्या लांबीएवढा. पिस्तुलात बत्तीसची अशनी आहे. खाजगीत उत्तर प्रदेशात हरदोईला वेब्लीच्या नावाने बत्तीस बोर रिव्हॉल्व्हर बनायला लागल्या आहेत, त्या महाग.

भाव दुकानातच विचारा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय आणि जुन्या व्हिडीओंतले आकडे आता चालत नाहीत.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

नवखी असाल तर रिव्हॉल्व्हर. मी हे हट्टाने सांगते आणि यावर आमच्या रायफल क्लबमधल्या पोरांशी माझं दरवेळी वाजतं.

पिस्तूल चपटं असतं, लपतं छान, चाप हलका, भरायला मॅगझिन (मुठीत सरकणारी काडतुसांची डबी) बदललं की झालं, सगळं मान्य. पण पहिली गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, न्यायला स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढावी लागते, आणि भीतीने तळहाताला घाम फुटलेला असताना ते ओढणं सोपं नाही. अर्धवट ओढली तर अडकते. गोळी अडकली तर ती काढायचा सराव पाहिजे. सगळ्यात वाईट म्हणजे मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं लोकांना वाटतं, आत चेंबरमध्ये एक तशीच बसलेली असते आणि घराघरांत जे अपघात होतात त्यांत ही गोळी फार वेळा असते. रिव्हॉल्व्हरला भरली की रिकामी ते उघडून डोळ्यांनी दिसतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर काही करायचं नाही, परत चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं.

पिस्तूलच पाहिजे असेल तर एक करून बघा. स्लाइड बोटांच्या चिमटीत धरून ओढू नका, पूर्ण तळहात वरून टाका, पिस्तूल छातीजवळ आणा, नळी सुरक्षित दिशेला, आणि ज्या हातात मूठ आहे तो हात पुढे ढकला, दुसरा जागेवर राहू दे. दहा वेळा न अडखळता झालं तर पिस्तूल घ्या. नाही झालं तर मग वाद नको.

बावीस की बत्तीस हा पण प्रश्न येतो. बावीसला झटका (गोळी सुटताना हाताला बसणारा मागचा धक्का) जवळजवळ नाही, आवाज कमी, वयस्कर बाईला किंवा सांधेदुखी असेल तिला तेच बरं पडतं. पण बावीसच्या काडतुसात पेटवायचा मसाला कडेच्या गोठात भरलेला असतो, मधोमध टोपी नसते, त्यामुळे न पेटण्याचं प्रमाण बत्तीसपेक्षा जास्त, आणि गोळी पण हलकी. बत्तीसचा झटका पण काही फार नाही. माझ्या हिशोबाने चाप ओढता येत असेल तर बत्तीस, नसेल तर बावीस, आणि यात लाज कसली, लागलेली बावीस हुकलेल्या बत्तीसपेक्षा कधीही बरी.

काउंटरवर काय करायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सावकाश वाचा. नवरा, दीर, भाऊ कुणीही सोबत असू दे, हत्यार पहिल्यांदा तुमच्या हातात आलं पाहिजे. दुकानदाराला सांगा आधी उघडून रिकामी दाखवा, मग स्वतः परत उघडून बघा. तो पाहून झालेलं असलं तरी बघा, याला कुणी चांगला दुकानदार रागवत नाही. नळी माणसाकडे नाही, भिंतीकडे किंवा जमिनीकडे.

मूठ धरा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला जो खळगा आहे तो मुठीच्या वरच्या टोकाला घट्ट बसला पाहिजे, आणि नळी, मनगट, कोपर एका रेषेत राहिलं पाहिजे. आता पहिलं बोट चापाकडे न्या. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोचतंय का? की पोचायला सगळा हात फिरवावा लागतोय? हात फिरवावा लागला तर मूठ तुमच्यासाठी मोठी आहे, झटका अंगठ्याच्या सांध्यावर येणार आणि नेम कायम एका बाजूला जाणार. बांगड्या, अंगठ्या घालून बघा, कारण त्या दिवशी काढायला वेळ नसतो. करंगळी मुठीच्या खाली लोंबत असेल तर चालतं, पण बाकी दोन बोटांना पकड पाहिजेच.

मग चाप. दुकानदाराला विचारून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, रिकाम्यावर (शक्यतो डमी, म्हणजे दारू नसलेलं सरावाचं काडतूस घालून, बावीस बोरला तर त्याशिवाय नाहीच, पिन खराब होते) दहा वेळा ओढा. घोडा आधी मागे न करता. घोडा अंगठ्याने मागे केला की चाप लोण्यासारखा हलका होतो आणि दुकानदार नेमकं तेच करून दाखवतो, बघा भाभीजी किती सॉफ्ट. पण झटापटीत घोडा मागे करायला दुसरी संधी मिळत नाही आणि मागे केलेल्या घोड्यावर थरथरत्या बोटाने नको तेव्हा गोळी सुटते. म्हणून पूर्ण लांब ओढ, जी पाच किलोच्या आसपास किंवा जास्तच असते, तीच तुमची खरी परीक्षा. एका हाताने दहा वेळा, मग डाव्या हाताने तीन वेळा. सातव्या-आठव्या वेळेला नळीचं टोक नाचायला लागलं की ती रिव्हॉल्व्हर खाली ठेवा आणि दुसरी मागा. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा नळीच्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढून बघितला, नाणं पडलं नाही ती घेतली. दुकानातला पोरगा मोबाईल बाजूला ठेवून बघत बसला होता.

वजनाचं उलटं गणित आहे ते समजून घ्या. हलकी नेहमी चांगली असं नाही. हलकी रिव्हॉल्व्हर बाळगायला सोपी पण तोच झटका हाताला जास्त लागतो, जड रिव्हॉल्व्हर झटका स्वतः खाते पण चार दिवसांनी तुम्ही ती घरी ठेवून जायला लागता. रोज ज्या पर्समधून न्यायची ती पर्स घेऊन जा आणि रिकामं हत्यार आत टाकून खांद्याला लावून दुकानातच दोन फेऱ्या मारा.

जुनी घेणार असाल तर चाप सावकाश ओढून बघा, घोडा पडायच्या आत सिलिंडर टक् करून जागेवर अडकलं पाहिजे, त्यानंतर ते हाताने हललं तर सोडून द्या. नळीत प्रकाश पाडून गंजाचे खड्डे बघा. नंबर लायसन्सवर चढतो तोच हत्यारावर कोरलेला आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी, चष्मा लावून.

काडतुसं

बत्तीस बोर म्हटलं की सगळं एकच असं नाही. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लांब आणि कडा असलेलं, पिस्तुलाचं बत्तीस आखूड. एकाचं दुसऱ्यात कधीकधी शिरतं पण, म्हणून जास्त धोक्याचं. तुमच्या हत्याराचंच घ्या, डबी आणि काडतुसाचा मागचा शिक्का दोन्ही वाचून. शिक्क्यावर केएफ दिसलं तर समजा आपल्या पुण्याच्या खडकीचा माल, १८६९ पासूनची फॅक्टरी. मला उगीच माहेरचं काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. जुनी, हिरवट चढलेली काडतुसं कुणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका, एक तर न पेटणारी आणि दुसरं म्हणजे ती तुमच्या लायसन्सवर चढलेली नसतात.

शिकणं

कोटा मर्यादित, काडतूस महाग, त्यामुळे घरी डमीवर सराव आणि महिन्या-दोन महिन्यांनी रायफल क्लब. घरच्या सरावाच्या वेळी खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात, आणि सराव संपला की संपला, अजून एकदा म्हणून परत उचलायची नाही. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं, ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, नेम लागेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि नेमाच्या मागे काय आहे ते आधी बघायचं. आमच्या दौलतगंजसारख्या दाटीच्या गल्लीत हुकलेली गोळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातच जाणार आहे. कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा, दोन्ही. अंतर ३ ते ७ मीटर पुष्कळ झालं, त्यापेक्षा लांबचा माणूस असेल तर पळून जायला जागा आहे असा त्याचा अर्थ.

साडी, पर्स, स्कूटी

होल्स्टरचे (हत्यार ठेवायच्या म्यानाचे) जे काही प्रकार मिळतात ते सगळे पँट आणि पट्ट्याचा विचार करून केलेले, साडीला पट्टाच नसतो. मी पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा वापरते, कुर्त्याखाली चालतो, साडीवर मात्र पर्सच. पर्समध्ये टाकायची तर वेगळा कप्पा पाहिजे, त्यात दुसरं काही म्हणजे काही नाही, लिपस्टिक नाही, किल्ली नाही, पेन तर नाहीच, कारण चापाच्या कडीत पेन अडकून गोळी सुटू शकते. आणि त्या कप्प्यात पण चाप झाकणारं होल्स्टर पाहिजे, सार्वजनिक ठिकाणी नुसती उघडी न्यायची नाही. पर्स क्रॉस घाला, स्कूटीच्या हुकला कधीच अडकवू नका आणि डिकीत टाकून भाजी घ्यायला जाऊ नका. ज्या दिवशी पर्स चोरीला जाईल त्या दिवशी तुम्ही चोराला हत्यार पुरवलंत असं होतं, मग आधी पोलीस थाणं, तिथल्या तिथे, नंतर बाकी सगळं.

आणखी एक, जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची पद्धत आहे, खाली पडली तर सुटू नये म्हणून. चाप ओढला की पुढचं भरलेलं घर समोर येतंच, त्यामुळे सहाच्या पाच झाल्या तरी काही बिघडत नाही.

घरी

लोखंडी लॉकर भिंतीत पक्का, नंबर फक्त तुम्हाला माहीत, मुलाच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नका, पहिलं तेच दाबून बघतात. आणि आता ते भाईसाहेब. लायसन्स तुमच्या नावाचं असेल तर हत्यार नवऱ्याने बाळगायचं नाही, मिरवायचं नाही, रात्री फेरफटक्याला न्यायचं नाही. आर्म्स ॲक्टच्या कलम ३ मध्ये सवलत आहे ती एवढीच की तुमच्या समोर, किंवा तुमच्या लेखी परवानगीने, दुरुस्तीला, लायसन्स नूतनीकरणाला किंवा तुमच्याच वापरासाठी दुसऱ्याने नेलं तर चालतं. चुलतभावाच्या वरातीत हवेत बार काढायला लेखी परवानगी देता येत नाही, त्याला वेगळी शिक्षा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्याकडे एकदा वरातीच्या दिवशी सासऱ्यांनी लाडाने मागितली होती. मी म्हटलं बाबा, लॉकरचा नंबर मी विसरले, आणि दोन दिवस खरंच विसरल्यासारखी वागले.

निवडणुका लागल्या की हत्यार जमा करायचा हुकूम येतो, थाण्यात किंवा डीलरकडे. पावती घ्या, त्यावर नंबर बरोबर लिहिलाय का बघा आणि पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा. जमा करायच्या आदल्या रात्री नळीतून आणि सिलिंडरच्या सहाही घरांतून तेलाचा बोळा फिरवा, बाहेरून पण पुसा, आणि रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या होल्स्टरमध्ये न देता जुन्या सुती कापडात गुंडाळून द्या. मी एकदा पावसाळ्यात चामड्यासकट दिली होती, दीड महिन्याने परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी चहाच्या डागासारखा तांबूस गंज आणि सिलिंडर फिरवलं की करकर. तो गंज घासायला मला अख्खा रविवार गेला.